मूर्ख पासवर्डची थोरवी

पासवर्ड हा मूर्खपणा आहे, याबद्दल आता कुणाचं दुमत उरलेलं नाही. तो विसरला जातो, चोरला जातो, मागेल त्याला सांगितला जातो. फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या बाहेर येतात तेव्हा '१२३४५६' वरच्या क्रमांकांवर ठाण मांडून बसलेला असतो. म्हणून शहाण्यांनी ठरवलं आहे की माणसाच्या डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही. त्याच्या बोटावर, चेहऱ्यावर नाहीतर बुबुळावर ठेवायचा. मी मूर्खपणाच्या बाजूने आहे, आणि इथे त्याची थोरवी गाणार आहे.

हा मूर्खपणा जन्मजात आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना वापरता यावा म्हणून सीटीएसएस ही प्रणाली उभी केली आणि ज्याचं काम त्याच्यापाशी राहावं म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर आपलं काम रेटलं. पण चोरीला काय गेलं? चार-सहा अक्षरं. ती टाकून देऊन दुसरी घेता येत होती. कुणाच्या अंगाचं काही गेलं नव्हतं.

पुढे शहाण्यांनी या मूर्खाला वळण लावायचं मनावर घेतलं. २००३मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी नियमावली लिहिली आणि जगभरच्या कचेऱ्यांनी ती डोक्यावर घेतली: एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, ठरावीक दिवसांनी बदल हवा. लोकांनी 'गणेश@१'चा 'गणेश@२' केला आणि कामाला लागले. २०१७मध्ये त्या संस्थेने हा जाच मागे घेतला, बर यांनीही आपल्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. चौदा वर्षं शहाणपण चुकत होतं आणि 'गणेश@२'वाले त्यातून आपली वाट काढत होते.

चिठ्ठीवर लिहून ठेवणाऱ्यांची तर किती हेटाळणी होते! माझ्या ओळखीचे एक निवृत्त दफ्तरदार आपले पासवर्ड वहीत मोडी लिपीत लिहितात. लेखणी न उचलता काढलेली एक सलग वळणदार ओळ. तिच्यात नातवाचं नाव कुठे संपतं आणि गावाचं कुठे सुरू होतं हे त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या सुनेला कळतं, कारण तिला त्यांनी मुद्दाम मोडी शिकवली. ही वही चोरायला त्यांच्या घरात यावं लागेल; दूरदेशी बसलेल्या चोराला तिचा काही उपयोग नाही. संगणक-सुरक्षेतले मोठे जाणकार ब्रूस श्नायर यांनीही २००५मध्ये हेच सांगितलं होतं: चांगला अवघड पासवर्ड घ्या, कागदावर लिहा आणि पाकिटात जपा.

पासवर्ड दुसऱ्याला सांगता येतो, हा त्याचा सर्वांत मोठा दोष समजतात. मला तो त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. पुण्यातली मुलगी संगमनेरच्या वडिलांचं लाइटबिल भरते आणि फोनवर विचारते, "बाबा, शेवटी ॲट आहे की हॅश?" यात एक नातं आहे, आणि किती विश्वास टाकायचा हे त्या दोघांनी ठरवलेलं आहे. बोट असं फोनवरून देता येत नाही. माणूस गेल्यावर तर ते कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही. २०१८मध्ये फ्लोरिडातल्या लार्गो शहराचे पोलीस एका मृताचा फोन उघडायला थेट अंत्यसंस्कारगृहात गेले, त्याची बोटं फोनला लावून पाहिली. फोन उघडला नाही. घरातला कर्ता गेल्यावर बँकेचं, विम्याचं, गॅसचं सगळं त्याच्या फोनमध्ये अडकून पडलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना शेवटच्या पानावर सगळं लिहिलेल्या डायरीची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि पासवर्ड बदलता येतो. २००८मध्ये जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने तेव्हाचे गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या बोटाचा ठसा एका पेल्यावरून उचलला आणि आपल्या मासिकात छापला, शिवाय तो बोटावर चिकटवता येईल अशी पातळ फिल्मही अंकाबरोबर दिली. याच क्लबच्या एका सदस्याने २०१४मध्ये तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांचा अंगठा नुसत्या छायाचित्रांवरून तयार करून दाखवला. २०१५मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड फुटला तर दोन मिनिटांत नवा घेता येतो. त्या ५६ लाख लोकांनी काय करायचं? जी बोटं फुटली त्याच बोटांनी त्यांना उरलेला जन्म काढायचा आहे.

हे फार लांबचंही नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिलं गेलं. त्यानंतर काही वर्षांत खरेदीखतांवरचे अंगठे उचलून त्यांचे रबरी ठसे बनवायचे आणि आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढायचे, असे गुन्हे देशात नोंदले जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून आधारच्या ठशांना कुलूप लावायची सोय आहे. आणि ते कुलूप लावायला मोबाइलवर येणारे, दर वेळी बदलणारे आकडे लागतात!

रेशन दुकानात महिनाअखेरीला तासभर थांबून पाहा. ऊसतोडीहून परतलेली बाई ई-पॉस मशीनवर अंगठा टेकवते. जुळत नाही. ती तो पदराला पुसते, फुंकर घालते, पुन्हा टेकवते. दुकानदार म्हणतो, "मावशी, दुसरं बोट लावा." दहा बोटांचा फेरा होतो. कोयत्याने घट्टे पडलेल्या, चिरा गेलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने पोळलेल्या हातांचं, सिमेंट कालवणाऱ्या हातांचंही हेच होतं. मशीनला ओटीपीचा पर्याय आहे, पण नोंदवलेला नंबर मुलाचा आणि मुलगा चाकणला पाळीवर. पासवर्ड विसरणाऱ्याला संगणक 'विसरलात का?' असं विचारतो आणि दुसरा रस्ता दाखवतो. या बाईची मात्र काहीच चूक नसते, ती काहीही विसरलेली नसते, आणि पिशवी रिकामी घेऊन तिलाच परत जावं लागतं. याचा मला संताप येतो. साक्षरता वर्गात जाऊन जी सही शिकली, तिच्याकडे आपण पुन्हा अंगठा मागितला, आणि वर तो झिजला म्हणून तिलाच दोष लावला.

कायद्याच्या दारातही मूर्ख पासवर्ड बोटापेक्षा ताठ उभा राहतो. १९६१मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की आरोपीच्या बोटांचे ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. बोटाला गप्प बसायचा हक्क नाही. डोक्यातला शब्द सांगायला लावता येईल का, यावर निदान न्यायालयात भांडता तरी येतं. गप्प राहता येणं ही मला स्वातंत्र्याची पहिली पायरी वाटते.

बोटाचं सगळंच वाईट असं माझं म्हणणं नाही. फोनमधला ठसा फोनमध्येच राहतो, बनावट वेबसाइटवर तो भोळेपणाने टाइप होत नाही, आणि ज्यांना दिसत नाही किंवा टाइप करणं जड जातं त्यांचा त्रास वाचतो. पण तिथेही बनवणाऱ्यांनी बोटावर सगळी भिस्त ठेवलेली नाही. संगणकावर बोट-चेहरा ओळखणारं विंडोज हॅलो सुरू करताना आधी पिन ठरवावा लागतो. आयफोन बंद करून चालू केला की तो पासकोडच मागतो, आणि ठसा पाच वेळा जुळला नाही तरी पासकोडच. ज्याच्या खिशात महागडा फोन आहे त्याचं बोट फसलं तर त्याला चार आकड्यांचा आधार ठेवलेला आहे. रेशनच्या मशीनवरही तो ठेवा. आकडे त्या बाईने स्वतः निवडावेत, हवं तर शेजारणीला सांगावेत, विसरली तर तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नवे घ्यावेत, आणि धान्य त्याच दिवशी तिच्या पिशवीत पडावं.