शोभेचं सफरचंद

लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला पीठ तरी लष्कराचं मिळतं. ॲपलने सप्टेंबर 2000 मध्ये पीठही घरून आणायला सांगितलं, आणि मंडळींनी ते हौसेनं आणलं.

त्या महिन्याच्या 13 तारखेला पॅरिसच्या प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकच्या नव्या प्रणालीची, मॅक ओएस टेनची, ‘पब्लिक बीटा’ सादर केली, म्हणजे लोकांनी वापरून चुका कळवायची कच्ची आवृत्ती. काम अजून चालूच होतं, पण किंमत पक्की होती: 29 डॉलर 95 सेंट. शिवाय 128 एमबी मेमरी हवी. त्याच वर्षी घेतलेल्या साध्या आयमॅकमध्ये ती 64 एमबीच असायची, म्हणजे भाकऱ्या भाजण्याआधी चूलही मोठी करून घ्यायची.

पडद्यावरची बटणं चाटावीशी वाटतील इतकी छान केली आहेत, असं जॉब्ज यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे डीव्हीडी लावून सिनेमा बघता येत नाही, अशी कुरकुर करणारा अरसिकच ठरणार. बटणं देखणी होती यात वादच नाही. खिडकी खाली सारली की ती कमरेत वळत, निमुळती होत पडद्याच्या तळाशी असलेल्या डॉकमध्ये शिरायची. हे चारचौघांना दाखवण्यात संध्याकाळ सहज निघून जाई. काम काय, उद्याही होतं.

पण खरी कमाल सफरचंदाची. पहिल्या मॅकपासून ते वरच्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात असे. दाबलं की यादी उघडायची. त्यात कॅल्क्युलेटर, कंट्रोल पॅनेल, पुढे पुढे तर आपण स्वतः ठेवलेल्या फायलीसुद्धा. बीटामध्ये ते उचलून पट्टीच्या बरोबर मधोमध बसवलं. छान निळं, तुकतुकीत. दाबलं तर? काही नाही. पुन्हा दाबलं तरी काही नाही. 1984 पासून कोपऱ्यात राबलेल्या सफरचंदाची मार्गदर्शक मंडळावर नियुक्ती झाली होती. जागा मानाची, काम शून्य.

ॲपलचीही अडचण होती म्हणा. कोपलंड नावाची नवी प्रणाली वर्षानुवर्षं ‘येतेय, येतेय’ म्हणत 1996 मध्ये गुंडाळली गेली होती. जुन्या मॅकवर एक प्रोग्रॅम अडकला की अनेकदा अख्खं यंत्र बसायचं. बीटामध्ये मात्र एखादा प्रोग्रॅम मेला तरी शेजारचे जिवंत राहत. जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीसकट विकत घेतलेला हा पाया भक्कम होता. फक्त तो चाटता येत नव्हता.

बीटाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या आणि 75 हजारांहून अधिक अभिप्राय आले, हे पुढे कंपनीनेच अभिमानानं जाहीर केलं. छापील किमतीनं हिशेब मांडा. तपासनिसांनी मालकाला जवळजवळ 30 लाख डॉलर पगार दिला! 24 मार्च 2001 रोजी पक्की आवृत्ती आली, 129 डॉलरला. सफरचंद कोपऱ्यात परत, यादीसकट कामावर रुजू. बीटावाल्यांना 30 डॉलर सूट मिळाली, म्हणजे पगार परत मिळाला. त्यासाठी आणखी शंभरेक डॉलर तेवढे मोजायचे. ज्यांना ते जड वाटले, त्यांच्या बीटाची मुदत मे महिन्यात संपली. पक्क्या आवृत्तीतही डीव्हीडी चालत नव्हतीच.

मायक्रोसॉफ्टने ही सेवा निदान फुकट करू दिली. 2014 मध्ये विंडोज 10 साठी स्वयंसेवकांची फौजच उभी केली. कच्ची आवृत्ती घ्या, वापरा, काय बिघडलं ते कळवा. इतरांच्या तक्रारी पटल्या तर त्यांना मत द्या. लाखो लोक आनंदानं सामील झाले. मग ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोजच्या एका मोठ्या अपडेटने काही जणांच्या फायलीच पुसून टाकल्या, आणि ते वाटप कंपनीला थांबवावं लागलं. चौकशीअंती कळलं की फौजेतल्या काहींनी ही गोष्ट आधीच कळवली होती. पण त्या तक्रारींना पुरेशी मतं पडली नव्हती. बरोबरच आहे, ज्यांच्या फायली शाबूत, बहुमत त्यांचंच असणार. कंपनीने मात्र बोध घेतला. तक्रार नेमकी किती गंभीर आहे हे सांगायला अर्जात एक नवा रकाना आला.