बसवून देतो, गुरुजी

निम्न तेरणा धरणाच्या भिंतीकडून माकणी गावात शिरणाऱ्या रस्त्यावर आमच्या 1986 सालच्या प्रीमिअर पद्मिनीने, स्टिअरिंगच्या बगलेतील तो सुप्रसिद्ध दांडा तिसऱ्या गिअरात असताना, पुढे जाण्याचा आणि मागे येण्याचा असे दोन्ही संकल्प एकाच क्षणी सोडून दिले. मिस्त्री आला, गाडीखाली शिरला आणि आपली पावले तेवढी जगाच्या दृष्टीस ठेवून बराच वेळ तेथेच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातील घमेल्यात काळे तेल होते, त्या तेलावर सिंक्रो रिंगांची पितळी चकाकी तरंगत होती आणि तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा एक पोलादी दात पडला होता.

"दात गेलेत बगा, गुरुजी. दुसरा गिअर बॉक्स बगावा लागंल."

"दुसरा म्हणजे कोणता?"

"घावंल तो. बसवून देतो की!"

मराठीत 'बसणे' आणि 'चालणे' ही क्रियापदे परस्परविरुद्ध आहेत हे आम्ही चौतीस वर्षे मुलांना शिकविले. परंतु जी वस्तू बसली ती चाललीच पाहिजे, अशी या मुलखातील तमाम कारागिरांची आणि राज्यकर्त्यांची दृढ श्रद्धा आहे. खुद्द आम्हांस 1956 साली हैदराबाद राज्याच्या यंत्रातून सोडवून प्रथम मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात बसविण्यात आले. बसलो, यात संशय नाही. आत जो खडखडाट होतो त्याला सरकारी दफ्तरात 'अनुशेष' म्हणतात.

उमरग्याच्या एका भंगारवाल्याने आम्हांस 118 एनईचा गिअर बॉक्स दाखविला आणि कंपनी एकच असल्याने तो सख्ख्या भावासारखा बसेल असा निर्वाळा दिला. कंपनी एकच हे खरे. परंतु त्या गाडीचे इंजिन आणि गिअर बॉक्स जपानच्या निसान घराण्याचे, आणि पद्मिनीचे कुलदैवत इटलीतील फियाट. इंजिनच्या पाठीशी बेल हाउसिंग जेथे आवळायचे ते बोल्ट एका जागी, बॉक्सची छिद्रे दुसऱ्या जागी. क्लच प्लेटच्या खाचा एका मापाच्या, शाफ्टच्या दुसऱ्या. आणि दांडा स्टिअरिंगपाशी नसून जमिनीतून वर येणारा, म्हणजे त्याच्यासाठी गाडीच्या तळाला भगदाड पाडणे प्राप्त. हे सर्व आम्ही विनयपूर्वक निदर्शनास आणताच, "लेथवर घालू की!" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका तज्ज्ञाने मारुती ऑम्नीचा बॉक्स सुचविला, कारण तिचीही मागचीच चाके फिरतात. या न्यायाने बैलगाडीचाही विचार व्हावयास हरकत नव्हती.

मग सोलापूर. ज्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने ही गाडी घडविली तिची 1944 साली स्थापना करणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचेच. तेव्हा आपण माहेरीच चाललो आहोत अशा भावनेने आम्ही तेथील बाजारात प्रवेश केला. परंतु कारखाना त्यांनी मुंबईस, कुर्ल्याला काढला होता. तेथे जी गाडी पूर्वी फियाट म्हणून बनत असे ती 1974 पासून पद्मिनी नावाने बाहेर पडू लागली, काळा-पिवळा वेष धारण करून मुंबईभर धावली, आणि त्या वेषातील शेवटची, 2003 साली नोंदलेली टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे 2023च्या ऑक्टोबरात सेवानिवृत्त झाली. सोलापूरच्या दुकानदाराने आमचा तुटका दात चष्मा कपाळावर चढवून निरखला, नमस्कार केला आणि परत दिला.

आता परका बॉक्स बसविल्यास कायद्याची आडकाठी येईल काय, ही शंका मनात येणे हा शिक्षकी पेशाचा दोष होय. एका कचेरीत आम्ही रीतसर अर्ज घेऊन गेलो. तेथील कारकुनाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा हवाला देऊन, कंपनीने ठरविल्यापेक्षा निराळा फेरबदल गाडीत करता येत नाही, असे बजाविले. आम्ही म्हणालो, "नोंदणीच्या पुस्तकात गिअर बॉक्स कोठे लिहिला आहे?" त्यांनी पाहिले. इंजिनचा क्रमांक होता, चासीचा होता, रंग होता, आसनसंख्याही होती. गिअर बॉक्सला रकानाच नव्हता. "मग," ते गंभीरपणे म्हणाले, "बदल करू नका, आणि केलाच, तर तो नोंदवता येणार नाही." सरकारदरबारी इतका बेवारस आणि म्हणूनच इतका स्वतंत्र असा दुसरा अवयव आमच्या माहितीत नाही.

अखेर मार्ग निघाला तो एका मळ्यात. तेथे आमच्याच मॉडेलची एक पद्मिनी कित्येक वर्षे कोंबड्यांच्या खुराड्याचे काम इमानेइतबारे करीत उभी होती. मागच्या आसनावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. आमच्या साऱ्या शोधात खऱ्या अर्थाने बसलेली तेवढी तीच. तिचे तप पुरे होईपर्यंत मालकाने गाडीला हात लावू दिला नाही, म्हणून आणखी बारा दिवस थांबावे लागले. त्यानंतर मिस्त्रीने तो बॉक्स उतरविला, दोन्ही बॉक्स पोत्यावर उघडून धान्य निवडावे तशी दातेरी चाके निवडली आणि दोन मृतांतून एक जिवंत उभा केला. छिद्रास छिद्र मिळाले, खाचेत खाच गेली, आणि लेथची गरज पडली नाही.

पुढचे चारही गिअर आता उत्तम पडतात. रिव्हर्सचे मधले चाक मात्र दोन्ही बॉक्समध्ये सारखेच झिजलेले निघाले. त्यामुळे गाडी मागे येत नाही. ज्या वाचकांच्या संग्रही पद्मिनीचे हे चाक असेल त्यांनी कृपा करून माकणीस कळवावे. मोबदला रोख देऊ. तोपर्यंत गावातील ट्रॅक्टरमालकांना विनंती की, आमच्या घरापुढील चौकात ट्रॉली उभी करू नये, कारण आम्हांस पूर्ण वळसा घेतल्याशिवाय घरी येता येत नाही.