माका काय आयकाक येणा नाय

(मंचावर एक स्टूल. स्टुलावर पाण्याचा तांब्या. कलाकार येतो, स्टूल दोन बोटं डावीकडे सरकवतो, मग उजवीकडे सरकवतो, मग होतं तिथेच ठेवतो.)

एवढी मोठी जागा आणि मी एकटा. सवय नाही हो. आमच्या काळाचौकीला एवढ्या जागेत एक बारसं, एक आजारपण आणि एक अबोला एकाच वेळी चालू असायचा. आणि कोपऱ्यात ताईची दहावी.

चाळीत राहिलेले कितीजण? हात वर करा. बघा, बघा! हात वर करतानाही शेजारच्याला कोपर लागू दिलं नाही. हे अस्सल. आणि पार्ल्याचे कोण? त्या बाई हात वर करायच्या आधी बाजूच्याला 'सॉरी हं' म्हणाल्या. माझी सासुरवाडी पार्ल्याची आहे. त्यामुळे आज पार्ल्याचं थोडं जास्त होईल, तिकीट परत मिळणार नाही.

माझा मेव्हणा. तो शनिवार-रविवार शिबिरं घेतो. विषय: कुटुंबात एकमेकांच्या मर्यादा कशा जपाव्यात. फी घेतो, वर जेवण नाही. लग्न ठरलं तेव्हा हा आमच्या खोलीवर आला होता. दहा बाय बारा. खाटेच्या टोकावर बसला आणि मला विचारतो, "तुमच्याकडे दार वाजवून आत यायची पद्धत आहे का?" म्हटलं, दार? आमचं दार पहाटे पाणी आलं की उघडायचं आणि रात्री बाराला दुसरी पाळी सुटून बाबा घरी आले की लागायचं. मधल्या वेळात दार ही चपला ठेवायची जागा.

खोलीत माणसं सात. आजी, आई, बाबा, काका, ताई, मी आणि गावाहून आलेला कोणीतरी. हा सातवा बदलायचा. परीक्षेला आलेला, ऑपरेशनला आलेला, नोकरी बघायला आलेला. आमचा बदली कामगार. गणपतीत तर विचारू नका. लालबागचा राजा पायी दहा मिनिटांवर. आयुष्यात कधी पत्र न पाठवलेले नातेवाईक त्या दहा दिवसांत आमच्या मोरीत पाय धुवायचे.

पण मर्यादा? मेव्हण्या, ऐक. आमच्याकडे कोणी साडी बदलायला घेतली, की बाकी सगळे भिंतीकडे तोंड करून कालनिर्णय वाचायचे. कोणी सांगायचं नाही. साडीचा पदर सुटला की सहा माणसं पंचांगात. ताई जसजशी मोठी होत गेली, तसतसं माझं पंचांग पक्कं होत गेलं. दुसरीत मला वर्षाच्या सगळ्या संकष्ट्या चंद्रोदयासकट पाठ. बाईंना वाटायचं, भटाचं पोर असेल.

आणि भांडणं? भांडायला जागा लागते. हात फिरवायला तरी लागते. आमच्याकडे हात फिरवला की फळीवरचा डालड्याचा डबा खाली. म्हणून अबोला. आई इथे, बाबा तिथे, मधे तीन फूट. त्या तीन फुटांत मी.

(एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवत)

"ह्यांना सांग, चहा ठेवलाय."
"तिला सांग, दिसतोय."
"सांग, दिसत असेल तर घ्या म्हणावं."
"सांग, साखर कमी आहे."
"सांग, न पिताच कळलं का?"
"सांग, रोज कमीच असते."

मी एकही शब्द बोललेलो नाही बरं का. मी फक्त मान वळवतोय. पण मी उठून गॅलरीत गेलो, तर दोघं गप्प. चहा गार. हाका मारून मला परत बोलवायचे. भांडण करायचंय, ये.

आता आजी. आजी मालवणची. मुंबईत आयुष्य गेलं, पण मालवणीला मुंबईचं पाणी लागू दिलं नाही. काकाचं लग्न झालं एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात. नवं जोडपं पोटमाळ्यावर. पोटमाळा म्हणजे वर फळ्या, फळ्यांत बोटबोट फट, चढायला शिडी, आणि शिडीची तिसरी पायरी अशी करकरायची की खालच्या मजल्यावरचे लोक कूस बदलायचे. माळ्याखाली पाच माणसं, छताकडे तोंड करून, डोळे मिटून, टक्क जागी.

हळद उतरायच्या आत आजीने सकाळी जाहीर केलं,

(कमरेवर हात, मान एका बाजूला)

"माका काय आयकाक येणा नाय."

आई म्हणाली, "काय झालं?" आजी म्हणाली, "कान गेले. ऱ्हवले नाय." काल रात्रीपर्यंत चौथ्या खोलीतलं कुजबुजणं मजकुरासकट सांगणारी बाई! बाबा घाबरले, दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कानाशी टिचकी वाजवली. काही नाही. टाळी वाजवली. काही नाही. मागे उभं राहून ओरडले. आजी भिंतीवरच्या तक्त्यातले कान बघत बसलेली. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मशीन घ्यावं लागेल. आठशे रुपये."

"आठशे? उठ रे मेल्या, चल घराक! माका काय आयकाक येणा नाय!"

बाबांना तेव्हा कळलं. डॉक्टरांना कळलं. घरी सगळ्यांना कळलं. आणि एकानेही तिला विचारलं नाही. कारण आजी बहिरी झाली आणि माळ्यावरची नवी काकू आल्यापासून पहिल्यांदा हसली. मोठ्याने नाही. पण ऐकू आलं. म्हणजे, आम्हाला आलं. आजीला नाही.

पुढे पुढे ती त्यात तरबेज झाली. दर रविवारी बाबा म्हणायचे, "चला रे, भारतमाताला पिक्चर लागलाय." कोणता, ते लालबागला पोचल्यावर कळायचं. काका-काकूंनी फक्त म्हणायचं, आमचं डोकं दुखतंय. दर रविवारी दोघांचं एकदम. आजी आमच्याबरोबर. ताईने विचारलं, "आजी, तुला ऐकू येत नाही, तर पिक्चर कशाला?" "पिक्चर बघूक कान कित्याक व्हये? डोळे आसत मां?" आणि दादा कोंडक्यांचं वाक्य पडद्यावर पुरं व्हायच्या आत आजी हसायची. दुसरा अर्थ तर थिएटरात सगळ्यांच्या आधी तिला लागायचा! मागच्या रांगेतला माणूस वैतागून म्हणाला, "आजी, आम्हाला पण ऐकू द्या." आजी मागे वळून म्हणते...

(कानाला हात लावून थांबतो. प्रेक्षक म्हणतील. म्हटलं नाही तर पार्ल्याचा प्रयोग आहे असं समजून पुढे जातो.)

मग आली 18 जानेवारी 1982. डॉक्टर सामंतांचा संप. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. बाबा साचेखात्यात. सगळे म्हणत होते, दोन महिन्यांत मिटेल. बाबाही म्हणत होते. आम्हाला एक गोष्ट आधी कळलीच नव्हती. गिरणगावात दिवस-रात्र साचे धडधडायचे ना, ते आमचं पांघरूण होतं. माळा करकरला, कोणी कण्हलं, कोणी भांडलं, सगळं त्या धडधडीत जिरायचं. भोंगा बंद झाला आणि पहिल्यांदाच आख्ख्या वस्तीत सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायला लागलं. शेजारच्या खोलीत डब्याच्या तळाला घासणारा वाटीचा आवाज. पीठ संपल्याचा.

रात्री दोनच्या सुमारास बाबा मोरीत जायचे. तेव्हा नळाला पाणी कुठलं? पिंपातलं पाणी तांब्या-तांब्याने ओतत बसायचे. मोरीत. एक तांब्या. मग थांबायचं. मग दुसरा. पाणी पडत असताना माणूस रडला तर पाण्याचाच आवाज येतो. मी खाटेखाली. ताई जागी. काका गॅलरीत विडी विझवून बसलेला. कोणीही हललं नाही.

सकाळी आजी तळमजल्याच्या नळावरून कळश्या वर आणताना दिसली. साठी उलटलेली बाई, दोन जिने. पिंप काठोकाठ भरला. आई म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला? काल संध्याकाळीच मी भरलेला." आजी म्हणाली, "रात्री सपला."
"तुम्हाला कसं कळलं?"
"माका काय आयकाक येणा नाय."

रोज भरायची. संप कोणी मागे घेतलाच नाही, तो नुसता विरत गेला. ती भरतच होती.

(तांब्यातून पाणी पितो. तांब्या ठेवतो. ठेवल्याचा आवाज येतो.)

हे मी मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, "ही भावना दाबण्याची पद्धत आहे. मोकळं बोलायला हवं होतं." म्हटलं, बरोबर आहे. पार्ल्याला लिफ्ट आहे. कळशी चढवायला लागत नाही, माणसाला बोलायला दम राहतो.

पुढे काकाला डोंबिवलीला एमआयडीसीत नोकरी लागली. टेम्पो आला. माळ्यावरचा संसार उतरला, त्यात आमचा कुकर पण गेला. तो आमचा होता! आईच्या माहेरचा! तो विषय आज नको. टेम्पो वळणावरून नाहीसा झाला, काकूचा हात दिसेनासा झाला आणि आजी वळून आईला म्हणाली, "गो, बाजूवालीच्या कुकराच्यो चार शिट्यो झाल्यो. तिका सांग, बंद कर म्हणान."

कान परत!

तर काका डोंबिवलीला गेला, पण रेशनकार्डावरून गेला नाही. नाव कमी केलंच नाही. माणूस सेंट्रल लाइनीच्या दांड्याला लटकलेला, आणि साखर-रॉकेल काळाचौकीचं. मत काळाचौकीत. कोणी विचारलं, कुठले तुम्ही, तर डोंबिवलीच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये बसून सांगायचा, "आम्ही लालबाग-काळाचौकीचे." डोंबिवली म्हणजे काय, झोपायला जातो तिथे.

आम्हाला वाटायचं, प्रेम आहे. प्रेम होतं. पण चाळ उपकरप्राप्त निघाली आणि पुनर्विकास आला, तेव्हा काका ते रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सभेला आला. पिशवीला रबर. मला रबर बघूनच कळलं.

बिल्डरचा माणूस सांगत होता, नियमाने 300 चौरस फूट, वरची वाढीव फंजिबल जागा धरून 405. एका भाडेपावतीला एक घर. पावती एक, भाऊ दोन. काका उठला आणि म्हणाला, "वरळीच्या बीडीडीवाल्यांना 160 च्या जागी 500, मग आम्हाला 405 का?" टाळ्या! काळाचौकीची वरळीवरची धुसफूस त्या 95 फुटांत भरलेली आहे. टाळ्या थांबल्यावर तोच आवाज न बदलता म्हणाला, "आणि त्यातले अर्धे माझे."

त्या दिवसापासून अबोला. संक्रमण शिबिर प्रतीक्षानगरला, तिथेही अबोला. चावी बघायला बाबा राहिले नाहीत. बाराव्याला काका आला, आईसमोर बसला आणि मला म्हणाला, "वहिनींना सांग, कुकर अजून चालू आहे." पन्नाशीला टेकलेला माणूस मी, माझी मान आपोआप वळली.

आता आम्ही टॉवरमध्ये. एकोणिसावा मजला. हॉल, बेडरूम, किचन, आणि दारं! आतल्या बाजूने कड्या असलेली दारं! बायको खूश. पार्ल्याची ना. माझा मुलगा कानात ते पांढरं घालून दार लावून बसतो. मी दार वाजवतो. मी! काळाचौकीचा!

आणि आईची पंचाईत झाली. सोमवारी सुनेशी बिनसलं, आईने अबोला धरला. आम्हाला कळलं गुरुवारी. तेही आईने बाहेर येऊन सांगितलं, "मी सोमवारपासून बोलत नाहीये!" बायको म्हणाली, "अय्या, हो का? मला वाटलं, तुमची मालिका चालू आहे." आईचा चेहरा बघवेना. चार दिवसांची मेहनत वाया. अबोल्याला समोर माणूस लागतं हो, पाठ फिरवायची तर कोणाकडे? 405 फुटांत पाठ फिरवली की समोर खिडकी, खिडकीत ईस्टर्न फ्रीवे. फ्रीवेला काय फरक पडतो?

तेवढ्यात काकाने फॅमिली ग्रुप काढला. नाव: 'काळाचौकी परिवार'. पण पहिलाच मेसेज ग्रुपवर नाही, थेट आईला: "वहिनी, हिश्श्याचं काय ठरलं?" आईने वाचला. खाली दोन निळ्या खुणा. डोंबिवलीहून फोन मला, "वहिनींनी वाचलंय. उत्तर नाही. निळं झालंय!" पुरावा! पंचाऐंशीच्या बाईला आता ऐकलं नाही असं म्हणायचीही सोय नाही!

आई दोन दिवस अस्वस्थ. मग एका रात्री मुलाच्या खोलीत गेली. दार न वाजवता. त्यालाही चाललं. बराच वेळ आतून काही नाही. बाहेर आली तेव्हा चालच वेगळी. मुलगा मला हळूच म्हणाला, "बाबा, आजीने ब्लू टिक बंद करून घेतली."

दुसऱ्या दिवशी काकाचा फोन. "अरे, वहिनींना नवा मेसेज दिसतच नाही वाटतं. जरा विचार त्यांना."

मी बघतो, आई सोफ्यावर. चष्मा नाकाच्या टोकाला, फोन हातात, काकाचाच मेसेज वाचतेय. परत परत. मी म्हटलं, "आई, काका विचारतोय."

आई मान वर न करता म्हणाली, "सांग, आई झोपलीय."

"काका, आई झोपलीय."

"अरे, पण ऑनलाइन दिसतेय की रे!"

"काका... कधी कधी झोपेत दिसते ती."

(प्रकाश जातो.)