स्वर्ग दोन बोटे

हैदराबादच्या मलकपेठेत वेगाचा मान घोड्यांचा. सहाव्या निजामाने मौला अलीतल्या शर्यती 1886 मध्ये इथे आणल्या, आणि घोडे अजून पळताहेत. बाकीच्यांनी चादरघाटाकडून दिलसुखनगरकडे मेट्रोच्या खांबांशेजारून सरकत राहायचे. पाऊस जोराचा झाला की रेल्वेच्या पुलाखाली तळे साचते, मग सरकणेही बंद. अशा मुलखात वेगवान गाडी बाळगणारा हौशी म्हणवला जातो. ती गाडी पदरचे पैसे मोजून आणखी खाली बसवणाऱ्याला काय म्हणायचे, यावर त्याच्या घरात अजून एकमत नाही.

गृहस्थ चाळिशीचा, मराठी घरातला. शाळा विवेकवर्धिनी, नोकरी हायटेक सिटीत, बोलण्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ आपोआप येणारे. गाडी स्कोडा ऑक्टाविया आरएस, 2017 ची, 230 हॉर्सपॉवरची. पण हॉर्सपॉवरचे त्याला फारसे कौतुक नाही. त्याचा जीव अडकलाय चाक आणि वरची कमान यांच्यातल्या फटीत. ती तो बोटांनी मोजतो. चार बोटे गेली तर गाडी बैलगाडी, तीन गेली तर बरी, दोन गेली की स्वर्ग. लग्नाला गेला तरी आधी पार्किंगमधल्या गाड्यांच्या चाकांवर बोटे घालून येतो. वॉचमन मागे लागतात, त्याचे त्याला काही वाटत नाही.

युरोपातल्या गाड्या इथे विकताना कंपन्या त्यांची उंची सहसा वाढवतात. कारण उघड आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि गोलसर हवा. गल्लीतला गतिरोधक मात्र कोणाच्या तरी स्लॅबमधून उरलेले सिमेंट ठरवते, तेही एका रात्रीत. थोडक्यात, कंपनीने विचार करून वर उचललेली गाडी हा माणूस विचार करून खाली आणतो.

त्यासाठी कॉइलओव्हर लागतात. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळीवर, नळीला आटे, आट्यांवर कडे. पान्याने कडे फिरवले की गाडी खाली किंवा वर. रंगावरून घराणे ओळखायचे : बिल्स्टाइन पिवळे, ओलिन्स सोनेरी. बायकोला सांगायचे कारण एकच, ‘अगं, जुने शॉकअप लीक झाले होते.’ किंमत ती विचारत नाही. खोके केवढ्याला आले असेल, हे तिला खोक्याच्या जाडीवरून कळते.

बसवण्याच्या दिवशी तो गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसतो. मिस्त्री लिफ्टवर टांगलेल्या गाडीच्या लोअर आर्मचे बोल्ट गच्च आवळायला घेतो आणि हा ओरडतो, ‘अभी नक्को!’ इथे मात्र त्याचे ऐकावे. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर आतला रबरी बुश त्याच स्थितीत धरला जातो. गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आर्मखाली जॅक लावून तो नेहमीच्या उंचीला आणायचा आणि मग बोल्ट गच्च आवळायचा.

‘पंदरा साल से ऐसेइच कसरूं मैं, साब,’ मिस्त्री म्हणतो.

‘इसीलिए पंदरा साल से बुश बेचरा तू.’

मिस्त्री हसतो, जॅक लावतो. पुढे अलाइनमेंट. गाडी बसली की चाकांचे माथे आत झुकतात, टायर आतल्या कडेने झिजतात, म्हणून कॅम्बर आणि टो हे चाकांचे कोन तपासून घ्यायचे. त्याचे छापील कागद तो मुलांच्या प्रगतिपुस्तकांच्या फायलीत लावतो.

कायदा त्याला तोंडपाठ. मोटार वाहन कायद्याचे कलम 52. कंपनीच्या मूळ मापांत बदल चालणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीतली शिक्षा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. कायदा पाठ केल्याने तो पाळल्यासारखा होतो, अशी त्याची समजूत असावी. कैदेबद्दल तो बोलत नाही. चार शॉकअप हे चार बदल की एकच, यावर मात्र तासभर बोलतो.

जूनमध्ये पुलाखालच्या तळ्याच्या धास्तीने कडी फिरवून गाडी वर. नवरात्र आले की पुन्हा खाली. आईचे गुडघे दुखतात, तिला गाडीतून बाहेर काढायला दोघे लागतात. ‘अरे, ही गाडी आहे की पाट?’ असे ती विचारते. तो तिला ओलिन्सचे महत्त्व समजावतो.

दसऱ्याला सेलरमध्ये गाडीची पूजा. चाकांखाली लिंबे, बॉनेटवर स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार. गाडी जेमतेम हातभर पुढे घेतली आणि अर्धा हार चाकाखाली.

‘अहो, हार!’ बायको ओरडते.

तो उतरतो, वाकतो, कमानीत दोन बोटे घालून बघतो. बरोब्बर बसतात.

‘हार लांब आणलास,’ तो म्हणतो.