पार्सलातला सातबारा

एडिसन, न्यू जर्सी
३० एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,


पार्सल परवा पोचलं. भडंगाच्या पुड्यावर वाटेत कुणीतरी बसलं असावं, पण चव शाबूत आहे. रात्री साडेअकराला ओजस आणि हे, दोघांनी ओट्याशी उभ्या उभ्या एक पुडा संपवला. बेदाणे मी लपवून ठेवलेत. मेतकुटाच्या बरणीला गुंडाळलेला पेपर इस्त्री केल्यासारखा सरळ करून वाचला. तीन आठवड्यांपूर्वी सांगलीत पाणी एक दिवसाआड येणार होतं. आलं का?

आई, आता तुझ्या फोनचं. आमच्या मनवाला "कुठंच कॉलेज मिळालं नाही" ही बातमी मंदाकाकूने दिली ना? "कुणाला बोलू नकोस" असं बजावून मी फक्त दादाला सांगितलं होतं. म्हणजे दोन दिवसांत ती मिरजेपर्यंत जाणार, हे मलाच कळायला हवं होतं. पण पोचता पोचता बातमी उलटी झाली. मनवाला सहा कॉलेजं मिळालीत. भांडण होतं ते त्यांतल्या दोन कॉलेजांवरून.

एक बॉस्टनकडचं. नाव लिहीत नाही, नाहीतर काकू उद्या ते भिशीत सांगेल. मनवा आठवीत असल्यापासून तिचं तिथं मन. दोन वर्षांपूर्वी बघायला गेलो तर लाल विटांच्या इमारती, त्यांवर वेली, हिरवळीवर पुस्तकं घेऊन पालथी पडलेली पोरं. एवढी पालथी पडून अभ्यास कधी करतात कोण जाणे. तिथल्या दुकानातून तिने बहात्तर डॉलरचा स्वेटशर्ट घेतला. मी मनात गुणाकार केला आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

दुसरं आमचं रटगर्स. न्यू ब्रन्सविकला आहे, आमच्या एडिसनच्या पुढचंच स्टेशन. सांगलीहून विश्रामबागला जावं तसं. बाबा, तुम्हाला आवडेल असं सांगते: ते १७६६ साली निघालं, म्हणजे पानिपतानंतर अवघ्या पाच वर्षांत. तेव्हा त्याचं नाव क्वीन्स कॉलेज होतं. पण घराजवळच्या कॉलेजला कितीही इतिहास असला तरी अठराव्या वर्षी तो दिसत नाही. हे मला ठाऊक आहे आणि का ठाऊक आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्यावर पुढं येते.

कुकर झाला. आले.

हं. तर पैसे. बॉस्टनवाल्यांचा वर्षाचा खर्च, राहणं-खाणं धरून, नव्वद हजार डॉलरच्या वर. म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या वर. वर्षाला. चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. त्यात विश्रामबागला फ्लॅटांची ओळ उभी राहील आणि खाली एक मेडिकल दुकानही निघेल. रटगर्सला आम्ही याच राज्यातले म्हणून चाळीस हजारांच्या आसपास. आता हेही मला स्वस्त वाटायला लागलंय, यावरून डोक्याची अवस्था ओळख.

तू विचारलंस, "तिथलं सरकार मदत करत नाही का?" करतं ना. त्यासाठी एक फॉर्म आहे, फाफ्सा. आमच्या घरात त्याला फाफटपसारा म्हणतात. सगळं उत्पन्न, सगळी शिल्लक भरायची, की शेवटी एक आकडा बाहेर पडतो. त्या आकड्याचं पूर्वीचं नाव 'कुटुंबाकडून अपेक्षित रक्कम' असं होतं. लोकांना ते फारच झोंबायचं, म्हणून आता नाव बदलून 'विद्यार्थी साहाय्य निर्देशांक' केलंय. झोंबतं तेवढंच. हा निर्देशांक शून्याच्या खाली उणे दीड हजारापर्यंत जाऊ शकतो. आमचा मात्र वरच्या दिशेने असा गेला, की हे चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. कागदावर आम्ही श्रीमंत आहोत, बाबा. मोरीचा नळ गेले सहा महिने गळतोय आणि ह्यांना प्लंबर परवडत नाही, याला त्या फॉर्मात रकाना नाही.

खासगी कॉलेजांचा वर आणखी एक फॉर्म. फाफ्सा निदान राहतं घर सोडतो. हा विचारतो, घराची किंमत काय, कर्ज किती फिटलं? म्हणजे पोरगी शिकवायला घर विकता का, एवढंच सरळ विचारायचं राहिलंय. आणि कर्जाचं ऐका. पोरीच्या नावावर सरकार पहिल्या वर्षी साडेपाच हजार देतं, बाकीचं आई-बापांनी घ्यायचं. व्याज नऊ टक्क्यांच्या घरात, आणि कर्ज हातात देतानाच चार टक्क्यांहून जास्त कापून घेतात. तासगावचा सावकार निदान आधी चहा पाजायचा, असं तुम्हीच सांगायचात.

मार्चअखेरपासून घरात कुणी नीट बोलत नव्हतं. मी म्हणायचे रटगर्स, हे म्हणायचे "बघू", मनवा दार लावून घ्यायची. एकदा मी तिला म्हटलं, "कॉलेज मोठं नसतं, शिकणारा मोठा असतो." आणि माझ्याच तोंडून तुमचा आवाज आला, बाबा. शब्दही तुमचे. १९९४ चा जून, पुढची खोली, वर पंखा, टेबलावर मेरिट लिस्ट. मला पुण्याचं इंजिनीअरिंग मिळत होतं. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर हॉस्टेल, मेस आणि एसटी अशी बेरीज केलीत आणि मला वालचंदला घातलंत. वालचंद वाईट नव्हतंच. तिथं न जाते तर हे भेटले नसते. ते नफ्यात धरायचं की तोट्यात, अजून ठरतंय. पण दोन वर्षं आधी दादाला मात्र पुण्याला पाठवलंत, माझ्यापेक्षा अकरा मार्क कमी असून. तेव्हा बेरीज कुठं होती? दिवाळीपर्यंत मी तुमच्याशी धड बोलले नव्हते. तुम्ही रोज सकाळी माझ्या सायकलीत हवा भरून ठेवायचात आणि काही बोलायचा नाहीत.

आणि आता तेच तुम्ही व्हिडिओ कॉलवर नातीला सांगता, "पैशाकडं बघू नकोस बाळ, मन म्हणेल तिथं जा"! मी मागं भांडी लावत होते, ऐकलं सगळं. वाटी हातातून सुटली ती त्यामुळं.

शेवटी ठरलं ते असं. ह्यांनी कॉम्प्युटरवर चार वर्षांचा तक्ता मांडला होता, बॉस्टन धरून. घराचा हप्ता, गाडी, ओजसचा क्लास, सगळं ओळीने. मनवाने तो बघायला मागितला. तिला एक ओळ दिसली: 'सांगली'. पुढं चारही वर्षं शून्य. तिने विचारलं, "आजीकडे चार वर्षं जायचंच नाही?" हे म्हणाले, "कधीतरी तू एकटी जाशील." मी म्हटलं, "व्हिडिओवर दिसतात की रोज." आणि कपडे वाळवायच्या मशीनकडे गेले. मशीन चालू नव्हतं, पण तिथं जरा बरं वाटतं.

रात्री ती खाली आली, म्हणाली रटगर्स. मात्र घरी राहणार नाही, हॉस्टेलवरच; आणि मी दर रविवारी डबा घेऊन यायचं नाही. महिन्यातून दोनदा, यावर तोडगा निघाला. रडली ती. मीही. एक मे ही शेवटची तारीख आहे. इथल्या पोरांचा हा निर्णयाचा दिवस, आपला महाराष्ट्र दिन. आज दुपारी अनामत भरून टाकली. स्वेटशर्ट तिने ह्यांना दिला. तो घालून हे गवत कापतात, आणि शेजारचे विचारतात, "अरे वा, लेक तिथं जाणार का?"

मंदाकाकूचा गुडघा कसा आहे? चालायला सांगितलंय तर चालू दे, रोज रिक्षा कशाला? पिंट्याची होणारी बायको लग्नानंतर नोकरी सोडणार नाही म्हणते, त्यावरून एवढी चर्चा कशासाठी? माझ्याकडून तिला शाबासकी सांगा. आणि आई, गोडा मसाला या खेपेला विसरलीस. आठवण म्हणून लिहितेय, तक्रार नाही. तक्रारच आहे.

आता बाबा, तुमचं. बेदाण्याच्या पुडीखाली चार घड्या घालून ठेवलेला सातबारा सापडला. चिठ्ठी नाही, काही नाही. दीड एकर, तुमचं नाव. मनवाने विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, आजोबांचा फाफ्सा. मग आतल्या खोलीत जाऊन बसले थोडा वेळ.

त्या वावराला हात लावायचा नाही. कुणा एजंटाला दाखवलं असेल तर नको म्हणून कळवा, मूळ कागद कपाटात ठेवा आणि किल्ली आईकडे द्या. डिसेंबरची चौघांची तिकिटं काढलीत, २० तारखेला पहाटे मुंबईत उतरतोय. दादाला नवी गाडी घेऊन विमानतळावर यायला सांगा. अकरा मार्कांचं देणं आहे त्याच्याकडं माझं.

तुमची,
सुमी