आधी तक्रार, मग आरती

आमच्या सोसायटीत अध्यात्माला तोटा नाही. पहाटे ग्रुपवर 'अहंकाराचा त्याग करा' असा फुलांसकट मेसेज येतो आणि तो पाठवणारे सद्गृहस्थ साडेसातला दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून ध्यानाला बसतात. हॉर्न वाजवला तर त्यांच्या सौ. गॅलरीतून हळूच सांगतात, "हे आत्ता आत उतरलेत." आता आत उतरलेल्या माणसाला खाली कसं बोलवायचं?

अशा वातावरणात माझी आत्मिक उन्नती रखडणं साहजिकच होतं. म्हणून मी आषाढी वारीत पुणे ते सासवड एवढाच टप्पा चाललो. दिवे घाटात दम लागला, त्यालाच मी वैराग्य समजत होतो. मागून "माउली, सरका!" असा धक्का बसला. वारीत धक्का देणाराही माउली आणि खाणाराही माउलीच, त्यामुळे भांडायला कुणी उरत नाही.

खरी गंमत संध्याकाळी तळावर पाहिली. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळांचा नुसता गजर. मग चोपदार हातातला चोप उंच करतो आणि सगळे टाळ थांबतात. सगळे म्हणजे, ज्यांची तक्रार आहे ते सोडून! कुणाच्या दिंडीत दुसरी दिंडी घुसलेली असते, कुणाला पाण्याचा टँकर मिळालेला नसतो. ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, तेव्हा ते टाळ थांबतात. पुढे हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, आणि त्यानंतर आरती.

मी चाट पडलो. आमच्याकडे देवाच्या कार्यक्रमात तक्रार काढली की "निदान आज तरी नको" म्हणतात. तो 'आज' गणपतीपासून दत्तजयंतीपर्यंत पुरतो. इथे प्रत्यक्ष माउली टँकरचा निकाल लागेपर्यंत आरतीसाठी थांबलेली! शिवाय एका दिंडीचे टाळ ऐकू यावेत म्हणून बाकीचे हजारो लोक आपापले टाळ धरून गप्प उभे. दिवसभर चालल्यावर एवढं लक्ष देणं मला घाटापेक्षा अवघड वाटलं. आमच्या वार्षिक सभेत गळती, लिफ्ट, कुत्रा आणि मागच्या वर्षीचा चहा हे चारही विषय एकदमच वाजतात. तळमजल्यावरच्या आजी पाणी येत नाही म्हणून कधीपासून सांगताहेत. त्यांचा आवाज बारीक, त्यामुळे इतिवृत्तात त्या फक्त 'उपस्थित' असतात.

परत आल्यावर मी सभेत ही पद्धत सुचवली. सर्वांना मनापासून आवडली. चोपदार व्हायला पाच जण तयार झाले, त्यांत ते आत उतरणारेही होते. गप्प बसायला मात्र कुणी नाव दिलं नाही. खजिनदारांनी विचारलं, टाळ सोसायटीच्या खर्चाने की ज्याचे त्याने? तासभर चर्चा झाली. आजी दोनदा "अहो, पाणी..." म्हणाल्या. शेवटी टाळांसाठी तीन कोटेशन मागवायचं ठरलं, आणि पितळी की स्टीलचे यासाठी उपसमिती नेमली.