वॅट विचारू नका, भिंत मोजा

अंगणात लावायला स्पीकर घ्यायचा म्हटलं, की गिऱ्हाईक दुकानात पहिलं विचारतं, किती वॅटचा? हा प्रश्नच चुकीचा आहे. वॅट हे विजेचं माप. ते दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो.

बदनापुरात पहिला प्रश्न धुळीचा असायला हवा. जालना ते छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं हे गाव. उन्हाळ्यात वावटळ, मळणीच्या दिवसांत भुसा आणि रस्त्याची माती तर बारा महिने. खोक्यावर 'आयपी' या अक्षरांपुढे दोन आकडे छापलेले असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ असेल तर धूळ आत शिरत नाही आणि पाण्याचा फवाराही सोसतो. आयपीएक्स ७ लिहिलं असेल, तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडला तरी तो टिकेल, पण धुळीची हमी कोणीच दिलेली नाही. त्या 'एक्स'चा अर्थ तोच. नुसतं 'वॉटरप्रूफ' वाचून पैसे मोजू नयेत.

आपल्याच गावच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचं बीडीएन ७११ हे लवकर येणारं वाण काढलं, ते मराठवाड्यातली जमीन आणि पाऊस बघून. बियाणं घेताना आपण माती विचारतो. मग स्पीकर घेताना का विचारत नाही?

आता भिंतीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. खोलीत चार भिंती आवाज परतवतात. अंगणात तो निघून जातो, म्हणून माणूस बटण पिळत राहतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ७२ असेल तर दोनवर ६६ आणि चार मीटरवर ६०. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतल्या साउंडचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून पाचच डेसिबल जास्त चालतो. म्हणजे ६०. हद्दीची भिंत चार मीटरवर असेल, तर स्पीकरजवळ एक मीटरवर ७२ पर्यंतच जाता येतं. बाजेवर बसून गाणी ऐकायला तेवढा आवाज भरपूर होतो.

म्हणून एक मोठा बॉक्स ओट्यावर ठेवून सगळ्या अंगणाला ऐकवू नका. दोन लहान घ्या, माणसं बसतात तिथे जवळ लावा आणि तोंड घराकडे करा. कान जवळ असला की आवाज कमी ठेवता येतो. पत्र्याच्या पडवीला मात्र स्पीकर टांगू नका. पत्रा थरथरतो आणि बेस शेजारच्या खोलीपर्यंत जातो. वायर पाइपातूनच न्या. बॅटरीचा स्पीकर असेल तर मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर विसरू नका, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, हा त्याच नियमांतला भाग आहे. तो पोलिसांच्या धाकाने पाळायची वेळ येऊ नये. उन्हाळ्यात निम्मं गाव गच्चीवर झोपतं. त्यात पहाटे गाडी पकडणारी पोरं असतात, तान्ह्या बाळांच्या आया असतात, दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली म्हातारी माणसं असतात. त्यांच्यापैकी कोणी भांडायला येत नाही. वाईट दिसतं म्हणून गप्प राहतात, आणि आपल्याला वाटतं, कुणाला त्रास नाही.

स्पीकर लावलात की गाणं चालू ठेवा आणि शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उभे राहा. तिथे गाण्याचे शब्द स्पष्ट कळत असतील, तर परत या आणि आवाज कमी करा.